भिंतीवरचा साक्षीदार

पवित्र त्रयीला स्मरून, आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, मी मिनास येफ्रेमी दुर्गार्यान, जन्म आखालत्सिखेचा, पंथाने आर्मेनियन, धंद्याने इंजिनियर, तिफ्लिस शहराचा माजी नगर-वास्तुकार, राहणार सोलोलाकी, हे माझे मृत्युपत्र सांगून लिहवून घेतो आहे. हिवाळा लागता लागता माझे उजवे अंग लुळे पडले, म्हणून अक्षर माझे नाही. ते आमच्या चर्चचे पाद्री तेर बार्सेघ यांचे आहे. शब्द मात्र माझे आहेत, आणि ते मध्ये मध्ये सुधारू नयेत अशी त्यांना विनंती आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच घालतात आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. माझ्या बाबतीत ते कृपा करून दोनदा वाचावे, कारण आमच्या मुलींच्या शाळेचे विश्वस्त मेलकोन खोजामिर्यान गावभर सांगत फिरतात की म्हाताऱ्याचे अर्धे अंग गेले त्याबरोबर अर्धे डोकेही गेले. डॉक्टर आर्शाविर यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याची तुळई कोणत्या टोकाला वाकली आहे तेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

कलम पहिले. माझे सोलोलाकीतले घर, दोन्ही सज्जे, तळघर, द्राक्षाचा मांडव आणि पुढचे दार यांसह माझी मुलगी बावाकान हिला द्यावे. दार मुद्दाम वेगळे लिहवतो आहे. ते माझ्या बापाने एर्झुरूममध्ये आपल्या हाताने केले होते. तो सुतार, आणि आमच्या आडनावाचा अर्थही तोच. रशियन फौज मागे फिरली तेव्हा आमचे लोक तिच्या मागोमाग गाव सोडून निघाले. इतरांनी गाड्यांत गाद्या, भांडी आणि म्हातारी माणसे घातली. बापाने दार बिजागऱ्यांसकट उपसून घातले. आई जन्मभर म्हणायची की तिची सासू पायी आली आणि दार गाडीत बसून आले. मी त्याच साली आखालत्सिखेच्या बाहेर एका तबेल्यात जन्मलो, म्हणजे माझ्याआधी आमच्या घराण्यात दार होते आणि त्या दाराला घर नव्हते. पुढे मी घर बांधले ते त्या दाराच्या मापाने. ते दार कोणी विकू नये व त्याला रंग देऊ नये.

बावाकान ही आमची पाचवी मुलगी. आमच्यात मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचे नाव असे ठेवतात. त्याचा अर्थ 'आता पुरे'. नाव माझ्या आईने ठेवले. मी तेव्हा दर्याल खिंडीत पुलाच्या कामावर होतो, आणि पत्र माझ्या हाती पडेपर्यंत बाप्तिस्मा उरकला होता. पहिल्या चौघींपैकी दोघी लहानपणीच गेल्या. दोघी लग्न होऊन बाकूला आणि अस्त्राखानला नांदतात. त्यांना त्यांचे लग्नातच मिळाले आहे, त्यांनी रुसू नये. जिला आम्ही पुरे म्हणालो, तीच एकटी मला शेवटपर्यंत पुरली. ती लग्न न करता मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका झाली. हे मृत्युपत्र त्या शाळेसाठी आहे. बाकीची कलमे ते रीतसर दिसावे म्हणून आहेत.

कलम दुसरे. माझी पाणसळ, गुण्या, पितळी कंपासपेटी (तिच्यातल्या एका कंपासाचा पाय मोडका आहे) आणि सगळे नकाशे बावाकानला. नगरसभेच्या बांधकाम खात्याला यातले काहीही देऊ नये. निवृत्त होताना मी त्यांना माझी मोजणीची साखळी प्रेमाने दिली होती. पुढच्या आठवड्यात तिला रखवालदाराचा कुत्रा बांधलेला पाहिला.

या शहराचा वास्तुकार म्हणून मी सतरा वर्षे काम केले. रस्त्यावर येणारा एकही सज्जा माझ्या सहीशिवाय होत नसे. तिफ्लिसच्या माणसाला घर नसले तरी चालते, सज्जा लागतो. जो तो आपला सज्जा समोरच्याच्या सज्ज्याला टेकवायला निघालेला. मी हातात काठी घेऊन फिरे आणि जास्त झालेला भाग कापायला लावी. लोकांनी माझे नाव 'सज्जेकापू' ठेवले. बायका वरून बशा धुतलेले पाणी टाकत. माझ्या हातून नाट्यगृह झाले नाही, राजवाडा झाला नाही. मी गटारे बांधली, डोंगराच्या पायथ्याला आधाराच्या भिंती बांधल्या, नदीचा काठ बांधला, दोन बाजार आणि एक हमामखाना बांधला. नीट झाली की कोणाला दिसत नाहीत अशी ही कामे. मला त्याचे वाईट वाटत नाही. थोडे वाटते.

कलम तिसरे. माझा फरचा कोट शेजारी पोघोस टोपीवाले यांना. तो त्यांना आखूड होईल, पण ते त्याच्या टोप्या करतील व त्या चांगल्या होतील. तळघरातली काखेती प्रांताची द्राक्षाची दारू डॉक्टरांना. माझी दिवंगत बायको नाझलू हिचा चांदीचा कंबरपट्टा चर्चला नको. तो बावाकानने ठेवावा, आणि मनात आले तर घालावा. बाप असताना घालायला लाजते, नंतर लाजू नये.

कलम चौथे. माझा ओळंबा मेलकोन खोजामिर्यान यांना द्यावा. तो त्यांनी शाळेच्या जिन्याशेजारच्या भिंतीला लावावा आणि दोरी भिंतीपासून किती दूर राहते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. माझे डोळे त्यांना चालत नाहीत.

इथे सगळे सांगतो. शाळेची जागा मेलकोन आघांनी दिली (आघा हे आमच्यातले मानाचे संबोधन). त्यांची मुलगी अकराव्या वर्षी घटसर्पाने गेली, शाळेला तिचे नाव आहे. जागा त्यांच्याच द्राक्षबागेच्या खाली, उतारावर आहे. नकाशा माझा. त्या नकाशात शाळेच्या वरच्या अंगाला एक दगडी पाट होता, म्हणजे बागांना सोडलेले पाणी पायाखाली न मुरता बाजूने ओढ्यात जाईल. ज्या वर्षी पाट व्हायचा त्या वर्षी विश्वस्तांनी मॉस्कोहून घंटा मागवली. घंटा उत्तम आहे. पाट अजून कागदावर आहे.

गेल्या शरद ऋतूत बावाकान जेवताना सहज म्हणाली की जिन्याजवळचे दार अडकते. मी ताट सारून उठलो. भिंतीला वरून खाली भेग होती, बोट जाईल एवढी. आम्ही अशा भेगेवर भाजलेल्या गचाची, म्हणजे चुन्यासारख्या पांढऱ्या गिलाव्याची, एक पातळ पट्टी आडवी बसवतो आणि तिच्यावर तारीख घालतो. गच वाळला की तो ताणला जात नाही, वाकत नाही. भिंत केसभर सरकली तरी पट्टी तुटते. आमचे गवंडी तिला 'साक्षीदार' म्हणतात. जुनी, थांबलेली भेग निर्धोक असते आणि साक्षीदार वर्षानुवर्षे तसाच राहतो. माझा साक्षीदार दहा दिवसांत तुटला. दुसरा बसवला, तोही तुटला. तेव्हा बागांना नुसते हिवाळ्याआधीचे शेवटचे पाणी चालू होते. वसंतातले पाणी त्याच्या कितीतरी पट असते.

मी नगरसभेला लिहिले. उत्तर आले की माजी वास्तुकारांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. मेलकोन आघांकडे गेलो. त्यांनी कॉफी दिली, मुरंबा दिला आणि म्हणाले, "मिनास आघा, या वयात भेगा कुणाला नाहीत? आपली तोंडं बघा की आरशात. आपण पडलो का?" मी म्हणालो की आपल्या तोंडाखाली साठ मुली बसत नाहीत. त्यांना ते लागले. पुढच्या आठवड्यात बिशप शाळा पाहायला येणार होते, म्हणून त्यांनी ती भिंत गुळगुळीत लिंपून वर निळा रंग दिला. साक्षीदार आत पुरला गेला.

मग मी माझ्याच मुलीला म्हणालो, शाळा बंद कर. ती हातातली वही मिटून म्हणाली, "बाबा, सरकारनं मागं शाळा बंद केल्या तेव्हा पुन्हा उघडायला किती पायऱ्या झिजवल्या आठवतंय ना? आत्ता मी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं, तर ते म्हणतील, बरं झालं, राहू दे. या मुली मग घरी बसतील आणि पंधराव्या वर्षी त्यांची लग्नं होतील. भिंत पडेलच असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता?" मी इंजिनियर आहे. पडेलच असे मला म्हणता येत नाही. पडू शकेल एवढेच म्हणता येते. माझ्या आयुष्यातली सगळी भांडणे मी या एका शब्दापायी हरलो आहे.

तिचे चूक नव्हते. मेलकोन आघांचेही सगळे चूक नव्हते, त्यांनाही शाळा जगायला हवी आहे. मी पुन्हा अर्ज घेऊन नगरसभेत गेलो आणि तिथल्या पायऱ्यांवरच पडलो. लोकांनी मला घरी आणले ते एका पेढीची नावाची पाटी उतरवून तिच्यावर झोपवून. तेव्हापासून मी या खोलीत छताकडे पाहत आहे. छत उत्तम आहे, ते मी बांधले आहे.

आता मुद्दा. उपासाच्या मध्यावर, म्हणजे मिजिंकच्या आठवड्यात, वरच्या बागांचे पाट उघडतात. त्याच्या आत शाळा रिकामी व्हायला हवी, आणि ती बंद झाली असेही कोणाला म्हणता येऊ नये. जिवंत मिनासचे कोणी ऐकत नाही. मेलेल्याचे ऐकतात. आमच्यात मेलेल्याची शेवटची इच्छा मोडायची छाती मेलकोन आघांनाही नाही. म्हणून

कलम पाचवे. माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवसाचे जेवण होईपर्यंत शाळेतल्या सर्व मुलींनी रोज सकाळी माझ्या घरी यावे व संध्याकाळपर्यंत माझ्या आत्म्यासाठी स्तोत्रे वाचावीत. त्यांच्या शिक्षिकांनी सोबत असावे. स्तोत्रे वाचून वेळ उरल्यास गणित, भूगोल व व्याकरण वाचावे, माझ्या आत्म्याला त्याचे वावडे नाही. पाट्या आणि फळा आणावा. दुपारचे जेवण माझ्या ठेवीतून द्यावे. चाळीस दिवस संपल्यावर ज्यांना त्या भिंतीची भीती वाटत नसेल त्यांनी परत जावे.

हे लिहवून मी डोळे मिटले. या कलमात एकच खोट आहे आणि ती माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही. मिजिंकच्या आत मला मेले पाहिजे. कालच डॉक्टर आर्शाविर हसत हसत सांगून गेले की माझे तोंड सरळ होत आहे, नाडी घोड्यासारखी आहे, आणि ईस्टरला मी काठी टेकून चर्चला जाईन. एवढी वाईट बातमी मला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. आयुष्यभर मी लोकांची कामे वेळेत पुरी करून दिली, आणि हे एक काम माझ्या हातात नाही. देवाकडे मागायचीही लाज वाटते, कारण असे मागणे पाप आहे हे मला समोर लिहीत बसलेला माणूसच सांगेल.

त्या माणसाने लेखणी खाली ठेवली आहे. ती पुन्हा उचलायला लावून पुढचे संभाषण मी त्यांना जसेच्या तसे लिहायला लावतो आहे. तेर बार्सेघ म्हणाले, "मिनास आघा, मी बत्तीस वर्षं पाद्री आहे. स्तोत्रं मेलेल्यासाठीच वाचतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, मग कोणासाठी वाचतात?

"आजाऱ्यासाठीसुद्धा वाचतात. उशाशी बसून, बरा होईपर्यंत. मी उद्या वेदीवरून सांगतो की म्हाताऱ्याची इच्छा आहे, निष्पाप मुलींच्या तोंडून प्रार्थना ऐकायची. उपासाचे दिवस आहेत. कोण नाही म्हणणार? मेलकोन आघा तर स्वतः मेणबत्त्या पाठवतील."

मी विचारले की हे खोटे बोलणे होत नाही का.

"तुम्ही आजारी आहात ना?" ते म्हणाले. "मग मला कशाला घोळात घेता? मला नुसतं लिहू द्या."

कलम पाचवे, दुरुस्त. वरचे पाचवे कलम मी जिवंत असेपर्यंत बाजूला ठेवावे. मी मेल्यास ते जसेच्या तसे अमलात आणावे. ही खाडाखोड मला मान्य आहे.

कलम सहावे. माझ्या थडग्यावर फक्त नाव आणि साल घालावे. थडगे उतारावर असेल तर वरच्या अंगाला आधी चर खणावा.

तिफ्लिस, १४ फेब्रुवारी १८९०.
मिनास दुर्गार्यान, डाव्या हाताची निशाणी.
लिहिणार व साक्षीदार, माझे पापनिवेदन ऐकणारे तेर बार्सेघ.
साक्षीदार, डॉक्टर आर्शाविर.
साक्षीदार, पोघोस टोपीवाले. यांना वाचता येत नाही, म्हणून मुद्दाम घेतले आहे.

वरील मृत्युपत्राची पुरवणी

मी अजून आहे, आणि वरील सर्व कलमे कायम ठेवून पुढील मजकूर जोडतो. हाही कागद माझ्या मृत्यूनंतरच उघडावा. आधी उघडल्यास त्याचा उपयोग संपतो.

मुली आल्या. साठ जणी माझ्या बापाच्या दारातून आत आल्या तेव्हा ते दार दिवसभर उघडेच राहिले. धाकट्या माझ्या खोलीत, मोठ्या तळघरात आणि सज्ज्यांवर बसतात. ते सज्जे मी मापात ठेवले होते म्हणून हे ओझे पेलतात, एवढे समाधान मला असू द्यावे. सकाळी तासभर त्या माझ्यासाठी वाचतात. त्यानंतर मी व्याकरण ऐकतो. एक मुलगी रोज नऊ गुणिले सात चुकते. मला ओरडावेसे वाटते, पण आजाऱ्याने ओरडू नये असे बावाकानने सांगून ठेवले आहे.

पाट उघडले. वरून पाणी वाहते ते मला रात्री ऐकू येते. बावाकान संध्याकाळी एकटी शाळेत जाते. तिने निळ्या रंगावर नवा साक्षीदार बसवला, माझ्याकडून गच कालवायला शिकून. तो तुटला. तिने आणखी एक बसवला, तोही तुटला. आता ती तुटका तुकडा हातरुमालात आणून माझ्या उशाशी ठेवते. पडेलच का असे तिने पुन्हा विचारलेले नाही.

मेलकोन आघा आले होते. गुडघे टेकून बसले, मुलींचे वाचणे ऐकून रडले, आणि माझा लुळा हात धरून म्हणाले, "माझी पोर असती तर ह्यांच्यातच बसली असती हो." मी त्यांचा द्वेष करायला फार कष्ट घेतले होते, ते सगळे वाया गेले. मी त्यांना पाणी बंद करा म्हणालो. ते म्हणाले, "वेलींना आत्ता पाणी नाही मिळालं तर वर्ष गेलं. आणि बाग काय माझी एकट्याची आहे? वर सगळ्यांच्याच आहेत. मी बंद केलं तर शेजारचा सोडेल." तेही खरे आहे. जाताना त्यांनी डॉक्टरांना दारात गाठले. माझ्या खोलीपर्यंत ऐकू आले. "बोट जरी हललं तरी मला कळवा. त्याच दिवशी मुलींना वाजतगाजत शाळेत परत नेऊ. देवाचे आभार घंटा वाजवून मानले पाहिजेत."

गेल्या मंगळवारी, धाकट्या मुली नद्यांची नावे म्हणत असताना, माझ्या उजव्या हाताचे बोट हलले.

मी ते पुन्हा हलवून पाहिले. हलले. अंगठाही हलला. चार महिने मी ज्याची वाट पाहिली ते माझ्या गोधडीवर सगळ्यांसमोर उघडे पडले होते. कोणाला दिसले नाही. बावाकानला दिसले. ती फळ्यापासून चालत आली, गोधडी ओढून माझ्या हातावर घातली, कडा दाबल्या आणि परत जाऊन म्हणाली, "हं, आराक्सनंतर कुठली?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या उजव्या तळहातात सुई टोचली. ती लागली. मी छताकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मग आपल्या कागदावर 'सुधारणा नाही' असे लिहिले, आणि तळहातावर आलेला थेंब स्वतःच्या रुमालाने पुसला. ते रशियन पद्धतीने शिकलेले प्रामाणिक डॉक्टर आहेत, म्हणून त्यांना या कागदावर साक्षीला बोलावलेले नाही.

आता माझी अवस्था अशी आहे. मला मरता येत नाही, कारण मेलो तर चाळीसच दिवस मिळतात आणि बागांना त्यानंतरही पाणी असते. मला बरे होता येत नाही, कारण बरा झालो की मुली त्या भिंतीखाली जातील. उन्हाळा येऊन पाट कोरडे पडेपर्यंत मला असाच राहिले पाहिजे. आणि अंग माझे ऐकत नाही. काल पायाचे बोटही हलले. बापाने एवढे चांगले लाकूड मला कशाला दिले कोण जाणे. रात्री मी उठून बसू शकेन असे वाटते, आणि मी उठून बसत नाही. फार इच्छा होते, हे लिहवून ठेवतो. एकदा त्या दारापर्यंत चालत जावे एवढेच मनात येते.

पाट बांधण्याचा नकाशा मी डोक्यात पुन्हा काढला आहे. तो बावाकानला तोंडी सांगितला, तिने काढला. तिच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ येतात. तो या कागदासोबत आहे. कोणी बांधेल अशी मला आशा नाही, तरी मापे बरोबर आहेत.

भिंत अजून उभी आहे. ती उभी आहे तोवर मी आडवा राहीन.

सहीच्या वेळी तेर बार्सेघ यांनी लेखणी माझ्या उजव्या हातात देऊन पाहिली. बोटांनी ती धरली. बाहेर मुली जेवणाआधीची प्रार्थना म्हणत होत्या. आम्ही दोघांनी त्या हाताकडे पाहिले, मग त्यांनी लेखणी हळूच काढून घेतली आणि डाव्या हातात दिली.

तिफ्लिस, २० मार्च १८९०.
मिनास दुर्गार्यान, डाव्या हाताची निशाणी.
साक्षीदार, तेर बार्सेघ.
साक्षीदार, पोघोस टोपीवाले.